एकदाच विचारणाऱ्या बाई

दुसऱ्याच्या 'नको'चा मान आमच्या बाईंइतका राखणारा माणूस या भूतलावर दुसरा नसेल, हे मी कुठल्याही कोर्टात शपथेवर सांगायला तयार आहे. आणि हे सांगणारी मी सांगलीची आहे, हेही लक्षात घ्यावं. आमच्या घरात 'नको' हा शब्द पंगतीत केवळ पद्धत म्हणून उच्चारला जातो. तो ऐकून वाढणाऱ्याचा हात खरोखरच थांबला, तर त्या घराला चार लोक नावं ठेवतात. माझी आत्या ताटावर आडव्या धरलेल्या हाताच्या बोटांच्या फटीतून श्रीखंड वाढत असे. अशा घरातून उठून मी नवऱ्याच्या कंपनीच्या बदलीमागोमाग कोबेला आले आणि पुण्यात घेतलेली कायद्याची पदवी अगदीच वाया जाऊ नये म्हणून डोंगरउतारावरच्या एका मानवी हक्क संशोधन केंद्रात चिकटले. तिथे मला या बाई भेटल्या. हुद्द्याने त्या मुख्य संशोधक. सगळे त्यांना सेन्सेई, म्हणजे शिक्षक, म्हणतात, तोंडावर मीही सेन्सेईच म्हणते; पण मनातल्या मनात त्या पहिल्या दिवसापासून 'बाई'च आहेत, कारण शाळेतल्या बाई वर्गात आल्या की जसं आपोआप ताठ उभं राहायला व्हायचं, तसं मला त्यांच्यासमोर अजूनही होतं. वास्तविक घाबरावं असं त्यांच्यात काही नाही. साठी उलटलेली, माझ्या खांद्याला लागेल एवढ्या उंचीची बाई, आखूड कापलेले करडे केस, बारा महिने तोच निळा स्वेटर, आणि स्वेटरच्या खिशात एक छोटी वही.

त्या वहीने माझा आठ महिने छळ केला. झालं असं, की पहिल्याच दिवशी दुपारी तीन वाजता बाई किटली घेऊन प्रत्येकाच्या टेबलापाशी फिरत होत्या. माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "चहा घेणार का?" मी नवीन, त्यात सांगलीची. "नको, नको, कशाला उगाच त्रास!" असं सवयीने बोलून गेले. बाईंनी मान लववली, खिशातली वही काढली, त्यात काहीतरी टिपलं आणि त्या पुढच्या टेबलाकडे गेल्या. मला वाटलं, फेरी संपवून परत येतील. आठ महिने आल्या नाहीत. रोज तीन वाजता किटली माझ्या टेबलाशी येई आणि माझ्या चहा न घेण्याला धक्का लागू नये म्हणून इतक्या अदबीने वळसा घालून पुढे जाई, की मलाच माझ्याबद्दल आदर वाटू लागला. मी जिन्याखालच्या मशीनमधून गरम कॉफीचा डबा काढून पायरीवर चोरून पीत असे. आता कोणी म्हणेल, जपानी माणसं अशीच. मुळीच नाही. दोनदा नको म्हटल्याशिवाय ही माणसं बिस्किटाला हात लावत नाहीत, आणि समोरचाही ते जाणून तिसऱ्यांदा विचारतो. या बाबतीत टोकियो आणि सांगली एकच. बाई तेवढ्या वेगळ्या. शेवटी मला एक युक्ती सुचली. आपली कहाणी केंद्राला सांगायला आलेल्या माणसाला नंतर निर्णय बदलता यावा म्हणून आमच्याकडे एक छापील अर्ज आहे. तो मी भरला. 'आधी नाकारलेली गोष्ट' या रकान्यात लिहिलं, 'चहा'. 'आता मान्य असलेली गोष्ट', 'चहा'. 'निर्णय बदलण्याचं कारण (सांगणं सक्तीचं नाही)' या रकान्यात लिहिलं, 'तहान'. बाईंनी तो उभ्याउभ्या दोनदा वाचला, त्यावर आपला शिक्का उमटवला, आणि मिनिटभरात माझ्यापुढे वाफाळता कप आला. चेहऱ्यावरची रेषही हलली नव्हती. अर्ज अजून फाइलला लावलेला आहे.

खरं तर आमचं अख्खं केंद्रच या चालीचं. अकरा माणसं, आणि प्रत्येकाला उरलेल्या दहांच्या हक्कांची काळजी. एसी किती अंशांवर ठेवायचा याचं मतदान होऊ शकत नाही, कारण बहुमताने अल्पमताला कुडकुडायला लावणं आमच्या तत्त्वात बसत नाही. त्यामुळे भर उन्हाळ्यात खिडकीजवळची मंडळी घामाने निथळत असतात आणि कोपऱ्यातल्या दोघांच्या अंगावर शाली असतात. फ्रिजमध्ये एकदा नाव न लिहिलेलं पुडिंग सापडलं. मालकाची संमती कोणाकडून घ्यायची हेच ठरेना, म्हणून ते पाच आठवडे तिथेच राहिलं, आणि शेवटी त्याच्यासाठी बैठक बोलावली तेव्हा कळलं की ते ज्यांचं होतं ते गृहस्थ मधल्या काळात बदलून नागोयाला गेले. पण या सगळ्यांना घडवलं बाईंनीच. वार्षिक अहवालात आमचा सगळ्यांचा एक फोटो छापतात. त्यासाठी बाईंचा एक तक्ता असे: चेहरा चालेल, पाठ चालेल, फक्त हात चालतील, काहीच चालणार नाही. प्रत्येकाने मनाप्रमाणे खूण करायची आणि कोणी कोणाला का म्हणून विचारायचं नाही. एका वर्षीच्या अहवालात सहा पाठी, दोन चेहरे, एक कोपर आणि दोन रिकाम्या खुर्च्या असा आमचा फोटो छापून आला. माझ्या नवऱ्याने तो बघून विचारलं, "तुम्ही लोक नक्की कोणाचे हक्क मिळवून देता? लपून बसलेल्यांचे?" फोटोतली कोपरवाली व्यक्ती मीच होते, म्हणून मी अहवाल मिटून ठेवला.

बसमध्ये एखादं म्हातारं माणूस चढलं, तर बाई त्याला "बसा" म्हणत नसत. आपण त्या माणसाला म्हातारं ठरवणारे कोण? म्हणून आपला थांबा आल्यासारखं दाखवून त्या उठत, आणि नाटक पुरतं वठावं म्हणून खरोखरच पुढच्या थांब्यावर उतरून उरलेला चढ पायी चढत. पावसाळ्यात भिजून येत, पण कधी तक्रार नाही. कोबेच्या डोंगरावर रानडुकरं फार. संध्याकाळी खुशाल रस्त्यावर येऊन उभी राहतात. एकदा केंद्राच्या फाटकात असंच एक धूड उभं होतं आणि बाई पंधरा पावलं अलीकडे छत्री मिटून शांतपणे थांबल्या होत्या. मी मागून येऊन म्हटलं, "सेन्सेई, हाकलू का?" तर म्हणाल्या, "ते आपल्या आधीपासून या डोंगरावर राहतंय. त्याला जायचं असेल तेव्हा जाईल." वीस मिनिटांनी त्याला जायचं होतं. आम्ही दोघी बैठकीला उशिरा पोहोचलो, आणि कारण ऐकल्यावर सगळ्यांनी ते अगदी रास्त मानलं.

हसायला हे सगळं सोपं आहे आणि मी भरपूर हसले आहे. पण हाच स्वभाव घेऊन बाई कामाला बसल्या की हसू पळून जाई. आमचं काम म्हणजे ज्यांचं ऐकून घ्यायला कोणाला वेळ नसतो, अशांच्या कहाण्या त्यांच्याच शब्दांत नोंदवून ठेवणं. व्हिएतनामहून काम शिकायला म्हणून आलेली एक मुलगी एकदा बाईंपुढे बसली होती. कारखान्याच्या मालकाने तिचा पासपोर्ट काढून घेतला होता. ती काही बोलेना. मी असते तर दहा वेळा "मग काय झालं?" केलं असतं. बाई नुसत्या बसून राहिल्या. एक तास चाळीस मिनिटं. त्या रेकॉर्डिंगमध्ये तेवढा वेळ फक्त पंख्याचा आवाज आहे. आणि मग ती मुलगी जी बोलायला लागली, ती संध्याकाळपर्यंत थांबली नाही. बाईंना हे कुठून आलं ते मला पुढे कळलं. कोबेतल्या १९९५ च्या मोठ्या भूकंपानंतर त्या नव्या उत्साही संशोधक म्हणून एका छावणीत गेल्या होत्या. तिथल्या एका स्त्रीला त्यांनी विचारलं, तुमचं कोण कोण गेलं? ती म्हणाली, नको. यांनी पुन्हा विचारलं, पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा तिने सांगितलं, आणि सांगताना तिला जो कंप सुटला तो थांबेना. दुसऱ्या दिवशी ती छावणी सोडून गेली होती. तेव्हापासून बाईंनी नियम केला: एकदाच विचारायचं. तीस वर्षांत तो त्यांनी एकदाही मोडला नाही.

गेल्या दिवाळीत माझी आई सांगलीहून आली होती. मी बाईंना जेवायला बोलावलं, अर्थात एकदाच, आणि त्या आल्या. आईने पुरणपोळ्या केल्या होत्या. आईला जपानी येत नाही, बाईंना मराठी येत नाही, आणि माझी नऊ वर्षांची मुलगी दोघींच्या मध्ये दुभाषी म्हणून बसलेली. पहिली पोळी संपताच आई दुसरी घेऊन आली. बाई दोन्ही हात हलवून म्हणाल्या, पुरे. "आजी, त्या नको म्हणतायत," मुलीने सांगितलं. "म्हणू दे," आई म्हणाली आणि पोळी वाढली. "अहो ताई, एवढीशी तर आहे!" त्यावर तूप घातलं. तिसऱ्या वेळी बाईंनी ताट मागे सरकवलं. आई ताटामागे गेली. मी स्वयंपाकघरातून ओरडत होते, "आई, अगं त्या खरंच नको म्हणत असतील!" मुलगी तर जपानीत मला बजावू लागली की हे चुकीचं आहे, शाळेत शिकवलंय, नको म्हणजे नको. आई कोणाचंच ऐकायला तयार नव्हती. बाईंनी त्या दिवशी पाच पोळ्या खाल्ल्या, एक स्वतःहून आणि चार आईच्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या बाईंनी जन्मभर दुसऱ्याचा नकार जपला, त्यांचा नकार माझ्या घरात तुपात बुडवला गेला होता. दुसऱ्या दिवशी मी माफी मागायला गेले, तर बाई नेहमीसारखी मान लववून "जेवण छान होतं" एवढंच म्हणाल्या.

मार्चअखेर बाई निवृत्त होणार होत्या. जपानी ऑफिसात निरोपाचा समारंभ म्हणजे लग्नाइतका ठरलेला: जेवण, फुलं, सगळ्यांनी दोन ओळी लिहिलेलं मोठं कार्ड. आमच्या केंद्राचा कारभार पाहणारे मोरितासान महिनाभर आधी रीतसर बाईंकडे गेले आणि त्यांनी विचारलं, "निरोपाचा कार्यक्रम करावा अशी आपली इच्छा आहे का?" बाई म्हणाल्या, "नको." आता दुसऱ्या कुठल्याही कचेरीत यावर सगळे हसले असते आणि कार्यक्रमाची तारीख ठरवून मोकळे झाले असते. आमच्याकडे बैठक झाली. ज्या व्यक्तीने नकाराचा मान राखायला शिकवलं तिच्याच नकाराचा भंग करायचा का, यावर सव्वा तास चर्चा झाली. कार्यक्रम नाही, हे ठरलं. मग फुलांचं काय? फुलं दिली तर तो कार्यक्रमच, असं एकाचं म्हणणं. कार्ड? त्यात सगळ्यांच्या सह्या, म्हणजे तो सामूहिक निरोप, तोही नको. शेवटी असा ठराव झाला की प्रत्येकाने आपापल्या टेबलावर बसून वैयक्तिकरीत्या वाईट वाटून घ्यायला हरकत नाही. इतिवृत्तात तसं लिहिलं गेलं. मीसुद्धा मान हलवली. आता आठवलं की माझीच मला लाज वाटते.

शेवटचा आठवडा आला. बाई कागद आवरत होत्या. दुपारी मी फाइल शोधायला मागच्या खोलीत गेले, तर त्या जमिनीवर बसलेल्या, आणि पुढे एक उघडा खण. त्या खणात नकारांची कार्डं असतात. ज्यांनी आपली कहाणी सांगायला नको म्हटलं, त्यांची फक्त नावं, पत्ते आणि तारीख. नाव-पत्ता जपून ठेवायला चालेल का, हेही बाईंनी त्यांना विचारून घेतलं होतं. मी परत फिरणार होते, तर त्या म्हणाल्या, "तुम्हाला एक विचारू का?"

"विचारा ना."

"तुमच्या आईंनी मला त्या दिवशी चार पोळ्या वाढल्या. मी चारही वेळा नको म्हणाले होते."

"सेन्सेई, मी मनापासून माफी मागते. आमच्याकडे ते..."

"नाही, तसं नाही," त्या म्हणाल्या. खणातलं एक कार्ड त्यांनी बाहेर काढलं. "मला चारही वेळा हवी होती. त्यांनी पुन्हा विचारलं असतं तर सहावीसुद्धा."

मला हसू आलं, पण बाई हसत नव्हत्या. त्यांनी हातातलं कार्ड माझ्यापुढे धरलं. कोबेच्या पश्चिमेला नागाताचा भाग आहे, तिथे बूट शिवण्याचे पुष्कळ छोटे कारखाने होते. कार्ड तिथल्या एका आजींचं होतं. आईबाप कोरियातून आलेले, चाळीस वर्षं बुटांचे वरचे भाग शिवण्यात गेलेली, कारखान्यात खरं नाव लपवून जपानी नावाने वावरलेल्या त्या आजी. आठ वर्षांपूर्वी बाईंनी त्यांना विचारलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, नको. "आता त्या अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आहेत," बाई म्हणाल्या. "त्यांचं ते नको खरं होतं की पोळीसारखं होतं, हे मला माहीत नाही. पुन्हा विचारलं आणि ते खरं असलं, तर मी त्या छावणीतलीच चूक पुन्हा करीन. नाही विचारलं आणि ते पोळीसारखं असलं, तर..." तीस वर्षं ज्या नियमावर भार टाकून उभं राहायचं, तोच निवृत्तीच्या चार दिवस आधी डळमळावा, याचं मला फार वाईट वाटलं. आमच्या पुरणपोळीने हे केलं, हे तर त्याहून वाईट. मी म्हटलं, "मी जाऊन विचारू का?" त्या म्हणाल्या, "नाही. मलाच विचारायला हवं. तुम्ही बरोबर याल?"

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. आजींचं घर म्हणजे खाली एक खोली, वर एक खोली, दारात कुंड्या. आजींनी बाईंना लगेच ओळखलं आणि आत बसवलं. पाच मिनिटांत तव्यावर कांद्याच्या पातीची धिरडी पडायला लागली. मी शाकाहारी आहे कळल्यावर माझी वेगळी केली, आणि मी पुरे म्हटल्यावर ऐकू न आल्यासारखं करून आणखी एक वाढलं. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. बाईंनी मात्र ताटाला हात लावला नव्हता. त्या गुडघ्यांवर बसल्या, दोन्ही तळवे जमिनीला टेकवले आणि म्हणाल्या, "आठ वर्षांपूर्वी मी आपल्याला एक विचारलं होतं. आपण नको म्हणालात. मी तेच आज दुसऱ्यांदा विचारायला आले आहे. हे चुकीचं असेल तर मला जायला सांगा, मी जाईन."

आजींनी तव्याखालचा गॅस बंद केला. हात पुसले. मग म्हणाल्या, "एवढी वर्षं लागली?"

"हो," बाई म्हणाल्या.

"मला वाटलं, तुम्हाला दुसरी कोणीतरी मिळाली. वाटलं, माझ्यात सांगण्यासारखं काही नसेल. बूट काय, त्या गल्लीत सगळ्याच शिवत होत्या."

बाईंचे कान लाल झाले. आजी समोर येऊन बसल्या. "ते तुमचं यंत्र नको. वहीसुद्धा नको, मला लिहिणाऱ्या माणसासमोर बोलता येत नाही. नुसतं ऐकायचं असेल तर ऐका. पण आधी खाऊन घ्या, गार होतंय." बाईंनी वही खिशात ठेवली, आणि खरोखरच आधी सगळं खाल्लं. मग आजी तीन तास बोलल्या. काय बोलल्या ते मी इथे लिहिणार नाही, कारण लिहायला त्यांनी नको म्हटलं आहे. एवढं सांगते, की त्या मध्येमध्ये पुष्कळ हसल्या आणि निघताना त्यांनी बाईंना दर गुरुवारी येण्याचा हुकूम सोडला.

परतीच्या ट्रेनमध्ये बाई खिडकीबाहेर बघत होत्या. चेहऱ्यावर असं समाधान मी त्यांच्या कधी पाहिलं नव्हतं. म्हटलं, हीच वेळ. "सेन्सेई, तो निरोपाचा कार्यक्रम. खरंच नको?"

"नको," त्या म्हणाल्या.

"अगदी खरंच?"

"मोरितासानांना उगाच त्रास होईल."

"होऊ दे की थोडा."

दोन स्टेशनं गेली. मग बाहेरच बघत बाईंनी हळूच विचारलं, "फुलं असतील का?"

मोरितासानांना हे सांगितलं तेव्हा त्यांची अवस्था बघण्यासारखी झाली. ठराव झालेला, इतिवृत्तावर सह्या झालेल्या. तो रद्द करायला पुन्हा बैठक. पण ही मात्र दहा मिनिटांत उरकली, कारण सगळेच रडवेले होऊन त्याची वाट बघत होते. एकतीस तारखेला फुलं होती, कार्ड होतं, जेवण होतं. बाई भाषणाला उभ्या राहिल्या, "तीस वर्षं" असं म्हणाल्या आणि त्यांना रडूच कोसळलं. तेव्हा आमच्या केंद्राने काय करावं? माणसाला एकांतात रडण्याचा हक्क आहे, म्हणून सगळेच्या सगळे उठून खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. खाली बंदरात एक साधं मालवाहू जहाज उभं होतं. त्याच्याकडे नऊ सुशिक्षित माणसं पाच मिनिटं टक लावून बघत होती, आणि त्यातल्या तिघांचे खांदे हलत होते. मी तेवढी बाईंच्या शेजारी जाऊन बसले आणि त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला नाही.

त्या शेवटच्या चार दिवसांत बाईंनी आणखी एक गोष्ट केली, ती आम्हाला एप्रिलमध्ये कळली. नकारांच्या खणातल्या प्रत्येकाला त्यांनी स्वतःच्या हाताने पत्र लिहून दुसऱ्यांदा विचारलं होतं. उत्तरं केंद्राच्या पत्त्यावर येऊ लागली. पाकिटांवर बाईंचं नाव, त्यामुळे ती फोडायचा प्रश्नच नव्हता. मी ती साठवून शनिवारी त्यांच्या घरी नेऊन देते. तारुमीला समुद्राजवळ त्या एकट्या राहतात. बरीचशी उत्तरं पुन्हा 'नको' अशीच आहेत, आणि त्या प्रत्येकाने बाईंना इतका आनंद होतो की विचारू नका. "बघा, हे खरं नको!" असं म्हणून त्या पत्र कपाळाला लावतात. दोघांनी 'हो' कळवलं आहे. ते काम आता मी करणार आहे, आणि बाई मला अधूनमधून फोन करून घाई करू नका असं सांगत असतात.

मागच्या शनिवारी एक पाकीट न पोहोचता परत आलेलं होतं. पत्त्यावर कोणी राहत नाही, असा पोस्टाचा शिक्का. बाईंनी ते बराच वेळ हातात धरून ठेवलं. गोदीत आयुष्यभर ओझी वाहिलेले एक गृहस्थ होते, एवढं त्यांनी सांगितलं. "तिसऱ्या मजल्यावर राहायचे. दारातच नको म्हणाले. मी निघाले, तर माझ्याबरोबर जिना उतरून खाली आले. बसच्या थांब्यापर्यंत आले. बस यायला उशीर होता, तोवर माझ्याशेजारी उभे राहिले, काही बोलले नाहीत. बस सुटली तरी उभे होते." मग त्या पाकिटावरचं नाव बोटाने पुसल्यासारखं करत म्हणाल्या, "मी वहीत फक्त 'नको' लिहिलं. ते खाली आले, हे लिहिलं नाही." आम्ही समुद्राकडे बघत बसलो आणि चहा गार झाला.

मी निघाले तेव्हा पावसाची चिन्हं होती. बाई दारापर्यंत आल्या.

"पुढच्या शनिवारी याल?"

"बघते," मी म्हटलं. "मुलीची परीक्षा आहे, जमेलसं वाटत नाही."

त्यांनी मान लववली. मी चपला घातल्या, फाटक उघडलं. तेवढ्यात मागून त्यांचा आवाज आला, थोडा अडखळत, नवीन शिकलेलं काम करताना माणसाचा येतो तसा.

"तिला घेऊन या. अभ्यास इथेच करेल. या ना."